रतनदादाच्या इंजिनाचा ठोका

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. नुसतं पाणी मागायचं तरी असं मागायचे, की नवख्या माणसाला वाटावं आत भांडण जुंपलंय. नवागामच्या त्या एका खोलीत आम्ही चौघं होतो: आबा, माय, माझा मोठा भाऊ रतनदादा आणि मी. भिंतीला लागून लूमचं खातं होतं. खातं म्हणजे मागांचा कारखाना, सुरतेत त्याला सगळे खातंच म्हणतात. त्याची खटखट भिंतीतून यायची, जमिनीतून यायची, फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. गावाकडून, पारोळ्याच्या बाजूने, कुणी पाहुणा आला की पहिला दिवस तो डोकं धरून बसायचा. आमचं उलट होतं. दुपारी वीज गेली आणि माग थांबले, की माय झोपेतून दचकून उठायची आणि विचारायची, "काय व्हयनं?" काहीच झालेलं नसायचं, नुसतं शांत झालेलं असायचं.

आबांनी आणि रतनदादाने त्या खात्यात मागावर कामं केली होती. आबांनी तरुणपणापासून, दादाने मिसरूड फुटायच्या आधीपासून. माय घरी बसून कापडाचे सुटे धागे कापून द्यायची, त्याचे चार पैसे मिळायचे. मागांच्या त्या गदारोळात तोंडाने ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून कारागीर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. ही विद्या बापलेकांनी घरीही आणलेली होती. माय चुलीपुढे पाठमोरी बसून कळण्याची भाकरी थापत असली, की हे दोघं ताटावर बसून बिनआवाजी तिची टिंगल करायचे. ठेचा आज किती जाळ झालाय, वरणात मीठ आहे की वरण मिठात आहे, असलं काहीबाही. मी हसले की माय पीठभरल्या हाताने वळून बघायची आणि दोघं एकदम साळसूद होऊन घास चावायला लागायचे. रविवारी शेवभाजी व्हायची. तिचा रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग, आणि दादा भाकरी कुस्करून त्यात बुडवायचा नि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खायचा. माझ्या आयुष्यातलं सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी अजून त्या ताटांपाशी जाते.

पुढे आबांच्या छातीत धाग्याचा भुगा बसला. खोकला जाईना, डॉक्टरांनी माग सोडायला सांगितलं. मग आबांनी पेडलची तीनचाकी घेतली. पुढे सायकलसारखी सीट, मागे लाकडी फळ्यांचा मोठा पाट. खात्यांतून कच्च्या कापडाचे ताके भरायचे आणि बाजारात नेऊन टाकायचे. माग सुटला म्हणून माय खूश होती, पण ते सुख फार टिकलं नाही. वाटेत रेल्वेवरचा पूल होता. सपाटीवर आबा कसेबसे पेडल मारायचे, पुलाच्या चढावर मात्र उतरून, छाती हँडलला टेकवून गाडी ओढावी लागायची. घरी यायचे तेव्हा ओठ निळसर पडलेले असायचे आणि बराच वेळ बोलता यायचं नाही. दादा त्यांच्याकडे बघायचा आणि ताटावरून उठून जायचा. आबांना या पुलावरून सोडवायचं, हे त्याने तेव्हाच मनाशी घेतलं असावं.

एके दिवशी तो भंगारबाजारातून शेतीपंपाचं एक छोटं इंजिन खांद्यावर घालून आला. मायने कपाळावर हात मारला. समोरच्या चाळीतला गुजराती शेजारी दारात येऊन म्हणाला, "अरे रतन, आ शुं लाव्यो? घरमां कूवो छे के?" घरात विहीर आहे का, या प्रश्नावर दादा हसला आणि त्याने इंजिन पायरीवर ठेवलं. ते इंजिन त्याला गाडीच्या पाटाखाली बसवायचं होतं, मागच्या आसाजवळ, म्हणजे पूल चढताना आबांनी फक्त हँडल धरायचं. अशी जोडाजोड सुरतेत तेव्हा पुष्कळ जण करायचे आणि पुष्कळांची इंजिनं महिना-दोन महिन्यांत बसायची. बसायची म्हणजे आतला कनेक्टिंग रॉड तुटायचा. पिस्टन वरखाली होतो आणि चाकाचा दांडा गोल फिरतो, त्या दोघांना बांधून ठेवणारा तो रॉड. तो तुटला की इंजिन जागच्या जागी आवळून बसतं. भरल्या गाडीचं इंजिन पुलाच्या चढावर आवळलं तर गाडी उलटी खाली येते. एका ओळखीच्या माणसाचे पाय असेच गेले होते, त्यामुळे दादाला ते डोळ्यांपुढे दिसत होतं.

म्हणून त्याने त्या इंजिनाची जी बडदास्त ठेवली, ती जावयाचीही कुणी ठेवणार नाही. पंपाचं इंजिन जमिनीवर सपाट बसायला केलेलं असतं. रॉडच्या खालच्या टोकाला एक जीभ असते, ती तळातल्या तेलात बुडते आणि तेल वर उडवते, तेवढंच त्या रॉडला तेल मिळतं. गाडी पुलावर चढली की इंजिन कलतं, तेल मागच्या बाजूला जातं, जीभ कोरडी फिरते आणि रॉड कोरडाच घासला जातो. दादाने इंजिन आडवं फिरवून बसवलं, जीभ जराशी लांब करून घेतली आणि तेल रोज सकाळी काठोकाठ बघितल्याशिवाय आबांना गाडीला हात लावू दिला नाही. गव्हर्नर म्हणून एक भाग असतो, तो इंजिनाला ठरावीक वेगापलीकडे पळू देत नाही. बाकीचे लोक तोच आधी काढून फेकायचे. दादा म्हणायचा, "पळाले कोन सांगं तेले? आबाले पूल चढाडना, बस."

एवढं करून एक गोष्ट उरायची. रॉड तुटायच्या आधी सांगतो. आतून ठोका द्यायला लागतो. झडपांचा आवाज टिकटिक असा, पातळ. रॉडचा ठोका जड असतो, खोल, आणि ओझं आल्यावर किंवा वेग एकदम सोडल्यावर तो वाढतो. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, की आतलं सगळं कानात येतं. दादाने पहिल्यांदा स्वतः मूठ टेकवली, बराच वेळ टेकवून बसला, मग ती माझ्या हातात दिली. म्हणाला, "शोभी, तू ऐक. मना कानमा लूमनाच आवाज भरेल शे." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आबांची गाडी दारात लागली की मी पेचकस घेऊन पाटाखाली वाकायचे. दादा माझ्यासमोर उकिडवा बसायचा, हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडे वळवायचा आणि टक लावून बघायचा. मी "टिक" म्हटलं की तो उठून हात धुवायला जायचा. मुली शिवणकाम शिकायच्या त्या वयात मी हे शिकले आणि खरं सांगते, त्याचा मला फार तोरा होता. गल्लीतल्या बाया मायला म्हणायच्या, पोरीला कोण करून घेईल असली. माय त्यांना शिव्या द्यायची आणि आत येऊन मला तेच सुनवायची.

करून घेणारा मिळाला. पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये कामाला होता, आपल्याच भागातला, आबांच्या ओळखीतून स्थळ आलं. मिलच्या मागे खोल्यांची रांग, तिथे तो आणि त्याची आई. रंगाच्या वाफेत काम करून त्याच्या हाताच्या रेषांत रंग बसलेला असायचा, कधी निळा, कधी गुलाबी. ते हात लग्नात मला गमतीचे वाटले होते. त्या हातांनी त्याने मला पहिल्यांदा मारलं ते मी शेजारच्या माणसाला किती वाजले हे सांगितलं म्हणून. मग कशावरूनही मारायचा. पाळीला जाताना बाहेरून कडी घालून जायचा आणि सासूबाई दारात बसून धान्य निवडायच्या. दिवाळीला मी मायला अर्धंमुर्धं सांगून बघितलं. माय रडली, माझ्या केसांना तेल लावलं आणि म्हणाली, पहिलंवहिलं वर्ष असंच असतं. आबांना सांगायची माझी छाती नव्हती, त्यांना आधीच श्वास पुरत नव्हता. राहिला दादा. दादाला सांगायचं, आखाजीला तो न्यायला आला की सांगायचं, असं ठरवून मी तो हिवाळा आणि अर्धा उन्हाळा काढला. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. भांडी घासताना ती पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमचा खान्देशी लेकीबाळींचा सण. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो म्हणे, आम्ही झोके घेतो. लेकी माहेरी येतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खातात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि गाण्यांतून सासूचे वाभाडे काढतात. भावाने न्यायला यायचं ही रीत. माझा भाऊ आला तो बसने नाही, चक्क गाडी घेऊन आला. पलसाण्याच्या त्या रांगेपुढे रतनदादाची इंजिनवाली तीनचाकी उभी राहिली आणि सगळी पोरं गोळा झाली. पाटावर त्याने गोधडी अंथरली होती, उन्हासाठी चार काठ्यांवर मायचं जुनं लुगडं ताणलं होतं. मला वाटलं माझी हौस करायला आणली. तसं ते होतंच थोडं. पण वाटेला लागताना तो म्हणाला, "हँडलमा काहीतरी येगळं लागस माले. मुंग्या येतस हातले. तू येशी तवय ऐकाडसू म्हनं." म्हणजे इतक्या दिवसांत त्याने दुसऱ्या कुणाला मूठ कानाला लावायला सांगितलं नव्हतं. माझीच वाट बघत होता, आणि तोवर आबांना घरी बसवून स्वतः गाडी हळूहळू चालवत होता. मला त्याचा केवढा अभिमान वाटला.

मी पाटावर बसले ती मागे तोंड करून. त्याच्या सीटच्या मागे फळी नव्हती, त्यामुळे माझी पाठ सरळ त्याच्या पाठीला टेकली. हायवेवर ट्रक जात होते, दोन्ही बाजूंना मिलच्या चिमण्या, मध्येच उसाचं शेत. ऊन रणरणत होतं, पण लुगड्याच्या सावलीत बरं वाटत होतं. त्याची पाठ घामाने ओली होती. ती पाठ टेकायला मिळाली आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. समोर बघून मला बोलता आलं नसतं, हे खरं आहे. तो पाठमोरा होता म्हणूनच मी तोंड उघडलं. नवऱ्याचं नाव न घेता मी म्हटलं, "दादा, माले मारतस रे त्या."

मग मी थांबले नाही. कडीचं सांगितलं, किती वाजले ते सांगितलं, सासूबाई कशा दारात बसतात ते सांगितलं. दंडावर कुठे कुठे आहे ते सांगितलं. रडत होते, नाक लुगड्याने पुसत होते आणि सांगत होते. जुळवून ठेवलेली वाक्यं कधीच विस्कटली होती. शेवटी म्हटलं, "माले परत नको धाडू दादा. मी मायजवळ बसीसन धागा कापसू, तुमले जड नही व्हनार. आबाले तू सांग. मन्हाकडथून सांगाई जानार नही." मी मान वळवून बघितलं. त्याची मान हळूहळू हलत होती, वर-खाली, वर-खाली. तो हो म्हणत होता. मी पुन्हा पाठ टेकली आणि डोळे मिटले. आयुष्यात इतकं हलकं मला क्वचित वाटलं असेल. आता तेव्हाची मी, ती बाई, आठवली की वाटतं, तिला तिथेच, त्या हायवेवरच राहू द्यावं.

त्या हलकेपणात मला ते ऐकू आलं. कालव्याच्या पुलाचा चढ लागला होता. पाटाखालून, टिकटिकीच्या खालून, ठक. जरा वेळाने पुन्हा ठक. मी दचकून उठले आणि त्याच्या खांद्यावर थापट मारली. त्याने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, "ठोकी ऱ्हायनं." एवढंच. त्याने तत्काळ इंजिन बंद केलं, गाडी कडेला घेतली, उडी मारून खाली आला. चेहरा उजळला होता त्याचा, आजारी माणसाला रोग सापडल्यावर होतो तसा. "रॉड?" त्याने विचारलं. इंजिन क्षणभर सुरू करायला लावून मी पेचकसाने परत ऐकलं आणि म्हटलं, "रॉड." मग आम्ही सावलीला थांबलो, इंजिन गार होऊ दिलं, तेल भरलं, आणि पुढची वाट चालण्याच्या वेगाने कापली. चढ आला की मी उतरून मागून ढकलायचे. मी हसत ढकलत होते. माझे डोळे सुजलेले त्याने बघितले होते, डोक्यावरून हात फिरवला होता, आणि मला वाटलं त्या हातात सगळं आलं.

घरी आल्या आल्या त्याने इंजिन खोललं. रॉडच्या खालच्या टोकाचे दोन भाग ज्या बोल्टांनी आवळलेले असतात, त्यातला एक ताणला गेला होता. नव्या बोल्टाशेजारी ठेवला की स्पष्ट लांब दिसायचा. आतलं बेरिंग एका बाजूने खाल्लं गेलं होतं आणि रॉडच्या अंगावर एक बारीक आडवा ओरखडा होता, नखाला लागणारा. दादा जमिनीवर बसून राहिला. मग आबांना ओढून आणून दाखवलं, मायला दाखवलं, शेजाऱ्याला दाखवलं. अजून थोडे फेरे आणि हा तुटला असता, भरल्या गाडीवर, पुलावर. सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. आबांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मनी पोरनी वाचाडं माले." आमरसाची वाटी माझ्यापुढे परत परत भरली जात होती. मी आबांकडे बघत होते, मग दादाकडे. आता बोलेल, जेवण झालं की बोलेल.

तो बोलत होता, पण रॉडबद्दल. दुसरा रॉड त्याने शोधून आणला आणि सणाचे दिवस तो रॉड घासण्यात घालवले. गल्लीत अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तुळईला पोरींनी झोका बांधला होता. मी वर जायचे आणि उंचावरून मला आमच्या पायरीवर वाकलेली त्याची पाठ दिसायची. घासकागद रॉकेलमध्ये बुडवून रॉडच्या लांबीने फिरवायचा. मला शेजारी बसवून त्याने दाखवलं, "लांबीमा घसानं, आडवं नही. आडवा ओरखडा ऱ्हायना का तठूनच तुटस." मी पण घासत बसले. बोटं काळी झाली. आम्ही दोघंच होतो, तरी हायवेवरच्या माझ्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही. एका संध्याकाळी तो बोल्ट आवळत होता, मी त्याच्या मागे उभी राहिले आणि विचारलं, "दादा, आबाले सांगं का तू?" त्याने मान वर केली नाही. पान्यावर जोर देऊन बोल्टाकडे बघत राहिला. मला उत्तर मिळालं. माझ्या घरातल्या ज्या एकाच माणसावर माझा भरवसा होता, त्याने ऐकून घेतलं होतं आणि मला परत पाठवायचं ठरवलं होतं. इंजिनाचा एक शब्द सांगितला तर त्याने हायवेवर गाडी थांबवली आणि माझ्यासाठी पाना खाली ठेवला नाही. मी आत जाऊन पुरण वाटायला बसले. मायने विचारलं डोळे का लाल, मी म्हटलं चुलीचा धूर.

परत जायच्या दिवशी आबांनी लुगडं दिलं, मायने सांजोऱ्यांचा डबा. पाटावर तीच गोधडी. या वेळी मी त्याच्या पाठीला पाठ टेकली नाही, कडेला सरकून बसले. खाली इंजिन इतकं छान चालत होतं की मला त्याचा राग आला. दारापाशी उतरल्यावर त्याने माझ्याकडे तोंड करून विचारलं, "आते आवाज नही ना?" मी म्हटलं, "नही." तो खूश झाला, वाकून तेल बघायला लागला.

सासूबाई दारात आल्या. दादाला म्हणाल्या, चहा पिऊन जा. तो पाठमोरा, इंजिनाशी. त्यांनी परत हाक मारली, मोठ्याने. शेजारच्या खोलीतली बाई डोकावली एवढ्या मोठ्याने. इंजिन तर बंद होतं, रस्ताही रिकामा होता. तो तेलाच्या नळीत बोट घालून निवांत बघत होता. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भैरा शे का व तुना भाऊ?"

मी हातातला डबा खाली ठेवला. तो नेहमी माझ्या समोर का बसायचा, बोलताना हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे का वळवायचा, मूठ स्वतःच्या हाडाला लावून इतका वेळ का बसला होता, सगळं एकदम समोर आलं. माझे सुजलेले डोळे त्याला उन्हाधुळीचे वाटले असणार. त्याला ठोका ऐकू येत नव्हता एवढंच मला ठाऊक होतं. मी ऐकू येत नव्हते हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या त्या ओरडणाऱ्या घरात कुणालाच नव्हतं, आणि त्याने ते लाजेपायी कुणाला कळू दिलं नव्हतं. मी त्याच्याकडे जायला निघाले, तोवर त्याने इंजिन सुरू केलं होतं. माझ्याकडे बघून हात हलवला, वळला आणि निघाला. मी दादा, दादा ओरडत रांगेच्या टोकापर्यंत पळाले. पायातली चप्पल गेली. तो हायवेला लागला. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि मला आत आणलं.

पुढे त्याला सांगता आलं असतं, असं माझी सून म्हणते. ती शिकलेली आहे, तिचं बरोबरही आहे. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा समोरासमोर उभं राहून सांगायचं होतं. पण ती वाक्यं मला परत जुळली नाहीत. एवढं बळ माणसाला एकदाच गोळा करता येतं आणि माझं मी त्याच्या पाठीवर ओतून बसले होते. त्या हिवाळ्यात माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, मारामुळेच गेलं. त्यानंतर सांगणं म्हणजे त्यालाही सांगणं, की तू ऐकलं असतंस तर. ते मी माझ्या भावाला कधीच सांगणार नव्हते. मी त्या घरात राहिले, मुलं झाली, नवरा म्हातारा झाला, मारायचा थांबला, गेला. आबा मात्र पुलावर पडले नाहीत, खोकत खोकत का होईना बिछान्यात गेले. गाडी पुष्कळ वर्षं चालली. दादा येईल त्याला ती गोष्ट सांगायचा, शोभीने कान लावला म्हणून आबा वाचले, आणि मी हसून पदर सारखा करायचे. आता माझा नातू विजेच्या स्कूटरवर फिरतो. त्याला मी ठोक्याचं सांगायला गेले तर म्हणाला, आजी, यात रॉडच नसतो.

दादा गेला त्याच्या थोडे दिवस आधी मी नवागामला त्याच्याजवळ राहायला गेले होते. तोवर तो ठार बहिरा झालेला होता, सगळ्या जगाला ठाऊक होतं, लाजायचं काही उरलं नव्हतं. दुपारी मी त्याला मऊ भात भरवत होते. तो माझ्याकडे बघत होता आणि एकाएकी, त्याला स्वतःचा आवाज कळत नसल्याने फारच मोठ्याने म्हणाला, "शोभी, आखाजीले तुले गाडीवर आनं व्हतं, याद शे? तू वाटभर गाना म्हनी ऱ्हायंती. माले ऐकू नही ये, पन पाठले लागे तुना आवाज. थरथर. मी तालवर मान हालाडू." तो हसला. दात नव्हते तोंडात. "तवढं सुख माले परत नही भेटनं."

मी वाटी खाली ठेवली. त्याला माझं तोंड नीट दिसेल अशी पुढे सरकले आणि म्हटलं, हो दादा, गातच होते.

"कोनतं गानं?" त्याने विचारलं.

तो माझ्या ओठांकडे बघत थांबला होता. मग मी आखाजीचं एक गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, त्याच्यासमोर नुसते ओठ हलवून म्हटलं. तो मान हलवत होता.